अभिकेंद्री बल आणि आवर्तकाल: बूच फिरवून संबंध कसा मोजायचा

एकसमान वर्तुळाकार गतीत केंद्राकडे ओढणारं म्हणजे अभिकेंद्री बल आणि एका फेरीला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल यांचा संबंध काय, असं विचारलं की बहुतेक मुलं 'बल आवर्तकालाच्या वर्गाशी व्यस्तानुपाती' असं म्हणून मोकळी होतात. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. वस्तुमान आणि त्रिज्या जागच्या जागी राहिली तरच ते खरं. त्रिज्येऐवजी वेग कायम ठेवला तर वर्ग गळून पडतो आणि बल आवर्तकालाशी नुसतं व्यस्तानुपाती उरतं. ग्रहांसारखी त्रिज्याही बदलत असेल तर तिसरंच नातं निघतं. म्हणून हा संबंध मोजायला घेताना पहिला प्रश्न उपकरणाचा नसतो. कोणती राशी धरून ठेवायची, आणि ती खरंच धरून ठेवली गेली का, हे आधी ठरवायचं.

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात अभिकेंद्री बलाची ओळख होते. त्याचं सूत्र असं:

बल = ३९.४८ × वस्तुमान × त्रिज्या ÷ आवर्तकालाचा वर्ग

यातला ३९.४८ म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग. बल न्यूटनमध्ये हवं असेल तर वस्तुमान किलोग्रॅममध्ये, त्रिज्या मीटरमध्ये आणि वेळ सेकंदात घ्यायची. खालचा प्रयोग हे सूत्र पडताळायला पुरेसा आहे, आणि सामान शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरात सापडतं. उभ्या नळीतून ओवलेल्या दोऱ्याच्या वरच्या टोकाला बूच फिरतं आणि खालच्या टोकाला वजन टांगलेलं असतं. त्या वजनाने दोऱ्यात आलेला ताणच बुचाला केंद्राकडे ओढतो, म्हणून बल म्हणजे टांगलेलं वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण.

सामान

फिरवायला रबरी बूच घ्या, रसायनाच्या प्रयोगशाळेतलं, मधोमध भोक असलेलं, १५ ते २५ ग्रॅमचं. दगड, नट किंवा धातूचा गोळा कधीही घेऊ नका. नळी साधारण १५ सेंटिमीटर लांब हवी. काचेची असेल तर वरची कड ज्योतीवर वितळवून गोल केलेली असावी आणि बाहेरून पूर्ण नळीला चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यावेत, म्हणजे हातात फुटली तरी तुकडे उडत नाहीत. जाड बॉलपेनची रिकामी नळीही चालते, फक्त तिची कड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. या कडेवर सगळा प्रयोग घासतो, तेव्हा इथे पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

दोरा म्हणून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा उत्तम, ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, दीड मीटर. तो गुळगुळीत असतो, फारसा ताणला जात नाही आणि त्याचं वजन जवळजवळ नाहीच. सुतळी नको. तिचा प्रत्येक भाग बुचासोबत फिरतो आणि बाहेरच्या सुतळीच्या वजनाचा निम्मा हिस्सा बुचाच्या वजनात मिसळतो. ८० सेंटिमीटर सुतळी २ ग्रॅम भरली तर २० ग्रॅमच्या बुचामागे ५ टक्के चूक तिथेच झाली.

खाली टांगायला ५० ग्रॅमचा हँगर, म्हणजे वजनं ठेवायचा आकडा, आणि त्यावर बसणारी खाचेची वजनं घ्या. नसतील तर लोखंडी वॉशर चालतील, पण ते मोजून गृहीत धरू नका, तोलून घ्या. एकाच पुड्यातले वॉशरही सारखे भरत नाहीत. याशिवाय ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, स्टॉपवॉच, मीटरपट्टी, एक बटण, पर्मनंट मार्कर आणि डोळ्यांवर लावायचे सुरक्षा चष्मे लागतील.

जोडणी

तंगूसाचं एक टोक बुचाच्या भोकातून ओवून पलीकडे बटणाला बांधा. तंगूसाची साधी गाठ सरकते, म्हणून टोक दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे देऊन पहिल्या फासातून काढा, किंचित ओलं करून घट्ट ओढा. आता बूच, बटण आणि गाठ मिळून काट्यावर तोला. सूत्रातलं वस्तुमान ते, नुसत्या बुचाचं नव्हे.

दुसरं टोक नळीतून खाली काढून हँगरला बांधा. नळी आडवी टेबलावर ठेवा, दोरा ताणा, आणि नळीच्या वरच्या कडेपासून बुचाच्या मध्यापर्यंत बरोबर ८० सेंटिमीटर अंतर येईल असा धरा. या स्थितीत नळीच्या खालच्या कडेपासून १ सेंटिमीटर खाली, दोऱ्यावर मार्करने ठळक खूण करा. प्रयोगभर नजर या खुणेवर राहणार आहे. पुष्कळ ठिकाणी खुणेऐवजी चिमटा लावतात. चालेल, पण चिमट्याचं वजनही दोऱ्याला ताणतं, ते टांगलेल्या वजनात मिळवा. आणि चिमटा फिरवताना नळीला टेकता कामा नये. टेकला की नळी त्याला खाली दाबते आणि दोऱ्यातला ताण नेमका किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

सुरू करण्यापूर्वी दोन्ही गाठी हाताने जोरात ओढून बघा. २०० ग्रॅम टांगल्यावर बूच सेकंदाला जवळपास ९ मीटर वेगाने जातं, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वर. दोरा तुटला तर ते गोफणीतल्या दगडासारखं स्पर्शिकेच्या दिशेने सुटतं, आणि स्पर्शिका कोणत्या क्षणी कुणाकडे रोखलेली असेल ते सांगता येत नाही. त्यामुळे 'मी बाजूला उभा आहे' याला अर्थ नाही. प्रयोग मैदानात करा, बाकीच्यांना किमान तीन मीटर लांब ठेवा, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे असू द्या, आणि फिरवणाऱ्याच्या पायात बूट हवेत, कारण दोरा तुटला की खालची वजनं पायावर येतात.

फिरवणं आणि मोजणं

दोघंजण लागतात. फिरवणाऱ्याने मोजायचं नाही आणि मोजणाऱ्याने फिरवायचं नाही.

१. फिरवणाऱ्याने नळी डोक्याच्या वर उभी धरावी आणि दुसऱ्या हातात हँगर पेलून ठेवावा. बूच आडव्या वर्तुळात फिरायला लागलं की हँगर हळूहळू सोडावा.

२. आता बुचाकडे बघू नका, खुणेकडे बघा. खूण वर सरकून नळीत जायला लागली तर फिरवणं जास्त होतंय, खाली उतरायला लागली तर कमी. ती नळीखाली १ सेंटिमीटरवर स्थिर राहील असा वेग पकडा. हाताचं वर्तुळ जितकं लहान तितकं बरं. हात मोठा फिरला की दोऱ्याचं वरचं टोकच भटकतं आणि ८० सेंटिमीटर ही त्रिज्या उरत नाही.

३. खूण स्थिर झाली की फिरवणाऱ्याने 'झालं' म्हणावं. मोजणाऱ्याने समोरचा एखादा खांब ठरवून, बूच त्याच्या रेषेत आलं की 'शून्य' म्हणून स्टॉपवॉच सुरू करावं आणि 'वीस'ला थांबवावं.

४. याच वजनावर असं तीनदा करा. तीन वेळांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक पडला तर खूण हलत होती असं समजा आणि ते वाचन टाकून द्या.

५. थांबवताना आधी खालचा हँगर हातात घ्या, मग बूच मंदावू द्या.

वीसच फेऱ्या का? माणसाचं बोट स्टॉपवॉचवर साधारण ०.२ सेकंद मागेपुढे होतं. ०.५७ सेकंदाची एकच फेरी मोजली तर ही चूक ३५ टक्के होते आणि वर्ग केला की निकाल कामातून जातो. वीस फेऱ्यांच्या ११.४ सेकंदांत तीच चूक २ टक्क्यांच्या आत बसते. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे वेळ ०.०३ सेकंदापर्यंत वाचता येते आणि मोजणीही पुन्हा तपासता येते.

अपेक्षित आकडे

बूच २० ग्रॅम, दोरा ८० सेंटिमीटर आणि गुरुत्व त्वरण ९.८ धरून सूत्राने निघणारे आकडे असे आहेत. तुमचे थोडे इकडेतिकडे येतील.

| टांगलेलं वस्तुमान (ग्रॅम) | बल (न्यूटन) | २० फेऱ्या (सेकंद) | आवर्तकाल (सेकंद) | १ ÷ आवर्तकालाचा वर्ग |
|---|---|---|---|---|
| ५० | ०.४९ | २२.७ | १.१४ | ०.७८ |
| ७५ | ०.७४ | १८.५ | ०.९३ | १.१६ |
| १०० | ०.९८ | १६.१ | ०.८० | १.५५ |
| १५० | १.४७ | १३.१ | ०.६६ | २.३३ |
| २०० | १.९६ | ११.४ | ०.५७ | ३.१० |

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. बल चौपट झालं, आवर्तकाल निम्मा झाला. आलेख काढण्याआधी एवढी एक तुलना करून घेतली की मोजमाप रुळावर आहे की नाही ते लगेच कळतं.

आलेख बल विरुद्ध आवर्तकाल असा काढू नका. तो वक्र येतो, आणि नुसत्या डोळ्याला व्यस्त आणि वर्ग-व्यस्त यांचे वक्र वेगळे ओळखता येत नाहीत. आडव्या अक्षावर शेवटचा स्तंभ घ्या, उभ्यावर बल. बिंदू सरळ रेषेत आले आणि रेषा आरंभबिंदूतून गेली की वर्ग-व्यस्त संबंध सिद्ध झाला. वरच्या आकड्यांसाठी रेषेचा चढ ०.६३ येतो. हा चढ म्हणजे ३९.४८ × वस्तुमान × दोऱ्याची लांबी. त्याला ३९.४८ आणि ०.८० ने भागा, ०.०२० किलोग्रॅम मिळतं. म्हणजे काट्याला हात न लावता, नुसत्या फेऱ्या मोजून बुचाचं वस्तुमान निघालं. काट्यावरच्या आकड्याशी ते ५ टक्क्यांत जुळलं तर काम चोख झालं आहे.

दोरा झुकतो त्याचं काय करायचं

इथे शिक्षकही अडतात. बूच फिरतं तेव्हा दोरा कधीच पूर्ण आडवा नसतो, बुचाच्या वजनामुळे थोडा खाली झुकतो. किती झुकतो ते वजनांच्या गुणोत्तरावरून ठरतं: झुकावाच्या कोनाचा साइन म्हणजे बुचाचं वस्तुमान भागिले टांगलेलं वस्तुमान. ५० ग्रॅमला हे ०.४ येतं, कोन जवळपास २४ अंश. २०० ग्रॅमला ०.१, कोन ६ अंशांच्या आत. फिरवताना हा फरक डोळ्यांना सहज दिसतो.

मग बुचाच्या वर्तुळाची खरी त्रिज्या ८० सेंटिमीटर नाही. ५० ग्रॅमच्या वेळी ती ७३ सेंटिमीटर आहे. आणि दोऱ्यातला सगळा ताणही केंद्राकडे ओढत नाही, त्याचा आडवा घटकच ओढतो. आता गंमत बघा. त्रिज्या जेवढ्या पटीने कमी झाली, तेवढ्याच पटीने आडवा घटकही कमी झाला, कारण दोन्हींमध्ये त्याच कोनाचा कोसाइन आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी तो कटतो. उरतं ते असं: टांगलेलं पूर्ण वजन = ३९.४८ × बुचाचं वस्तुमान × दोऱ्याची तिरकी लांबी ÷ आवर्तकालाचा वर्ग.

म्हणून नियम सोपा ठेवा. दोऱ्याच्या बाजूने मोजलेली ८० सेंटिमीटर लांबी आणि टांगलेलं पूर्ण वजन घ्या, उत्तर अचूक आहे. चूक होते ती अर्धवट दुरुस्तीमुळे. काहीजण वर्तुळाची आडवी त्रिज्या हुशारीने मोजतात, पण बल मात्र पूर्ण वजनाएवढं धरतात. ५० ग्रॅमच्या ओळीत त्यामुळे ८ टक्क्यांची तफावत शिरते. दोन्ही दुरुस्त्या करा किंवा एकही करू नका.

टांगलेलं वस्तुमान बुचापेक्षा जास्तच हवं हेही यातून कळतं. दोन्ही सारखी झाली तर साइन १ होतो, म्हणजे बूच फिरतच नाही, नळीलगत सरळ खाली लोंबतं. अडीच पटीपासून सुरुवात करणं सोयीचं.

आलेख बिघडला तर

बिघाड कुठे आहे ते रेषा स्वतः सांगते, म्हणून लगेच सगळं पुन्हा करायला धावू नका.

रेषा सरळ आहे, आरंभबिंदूतूनही जाते, पण चढ १० टक्क्यांनी कमी आहे: 'शून्य'ऐवजी 'एक'पासून मोजलंय. वीस म्हणताना प्रत्यक्षात १९ फेऱ्या झाल्या, आवर्तकाल ५ टक्के कमी आला, वर्गात ते जवळपास दुप्पट झालं.

रेषा सरळ आहे, चढही बरोबर, पण ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली छेदते: टांगलेल्या वजनात काहीतरी धरायचं राहिलं. छेद किती खाली आहे ते बघा. ०.४९ न्यूटन असेल तर ५० ग्रॅमचा हँगरच विसरलात, ०.०५ च्या आसपास असेल तर चिमटा.

मोठ्या बलांचे बिंदू रेषेच्या खाली गेले: जोरात फिरवताना चिमटा किंवा गाठ नळीला टेकत होती. प्रत्यक्ष बल नोंदलेल्यापेक्षा जास्त होतं, म्हणून फेऱ्या लवकर झाल्या.

बिंदू वर-खाली विखुरलेत: हात मोठा फिरतोय, खाली वजनं झुलत आहेत किंवा कडेवर घर्षण आहे. घर्षण तपासायचं तर हळूहळू वेग वाढवत खूण नेमकी कधी वर सरकते ते बघा, मग हळूहळू कमी करत कधी खाली येते ते बघा. दोन आवर्तकालांत मोठी दरी असेल तर कड पुन्हा घासा. तोवर दोन्हींची सरासरी घेतली तरी काम भागतं.

उभ्या वर्तुळात फिरवून हा प्रयोग करायचा नाही. तिथे बूच खाली येताना वेग घेतं, वर जाताना गमावतं, गती एकसमान राहतच नाही.

त्रिज्या बदलून बघा

आता वजन १०० ग्रॅमवर कायम ठेवा आणि दोऱ्याची लांबी ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर करा, प्रत्येक वेळी खूण नव्याने करून. वीस फेऱ्यांना ११.४, १३.९, १६.१ आणि १८.० सेकंदांच्या आसपास लागतील. आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख सरळ रेषा येतो.

हा भाग टाळू नका, कारण एक जुना गोंधळ इथेच सुटतो. एक सूत्र म्हणतं बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे त्रिज्या वाढली की बल कमी. वरचं सूत्र म्हणतं त्रिज्या वाढली की बल जास्त. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात वेग धरून ठेवलाय, दुसऱ्यात आवर्तकाल. एकाच चकतीवर बसलेल्या दोन वस्तूंचा आवर्तकाल सारखा असतो, तेव्हा बाहेरच्या वस्तूला जास्त बल लागतं. एकाच वेगाने वळणाऱ्या दोन गाड्यांपैकी मात्र लहान वळण घेणारीला जास्त बल लागतं. गणित सोडवताना आधी ओळखा, वेग सारखा की आवर्तकाल, मगच सूत्र उचला.

हेच सूत्र इतरत्र

वॉशिंग मशिनचा ड्रम मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर आवर्तकाल ०.०७५ सेकंद, १२०० घेत असेल तर ०.०५. फेरे दीडपट, बल सव्वादोन पट. ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली तर १२०० फेऱ्यांना कडेच्या कपड्याचं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ४०० पट निघतं.

डच शास्त्रज्ञ हायगेन्सने वर्तुळाकार गतीतल्या बलाचे नियम १६७३ साली प्रसिद्ध केले. न्यूटनने याच नात्याने चंद्राचा हिशेब केला आणि तो तुम्हालाही करता येतो. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, आवर्तकाल २७.३२ दिवस, म्हणजे जवळपास २३ लाख ६० हजार सेकंद. सूत्रात घातलं की चंद्राचं अभिकेंद्री त्वरण ०.००२७२ मीटर प्रति सेकंदवर्ग येतं. ९.८ ला त्याने भागा, ३,६०० येतात. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट लांब आहे आणि ६० चा वर्ग ३,६००. अंतराच्या वर्गाशी व्यस्त असलेलं गुरुत्वाकर्षण या एका भागाकारात दिसतं.

ग्रहांच्या बाबतीत मात्र 'बल आवर्तकालाच्या वर्गाशी व्यस्त' असं लिहिलंत तर गुण जातील. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार आवर्तकालाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणून आवर्तकाल ८ पट असलेल्या ग्रहाची त्रिज्या ४ पट असते, कारण ८ चा वर्ग आणि ४ चा घन दोन्ही ६४. मग दर किलोग्रॅमला लागणारं बल ४ भागिले ६४, म्हणजे सोळावा हिस्सा. त्रिज्या कायम असती तर चौसष्टावा हिस्सा आला असता. इथे बल आवर्तकालाच्या ४/३ घाताशी व्यस्तानुपाती ठरतं.